ठेकेदार बदलला म्हणून तुमची सहा वर्षं कोरी होत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेल्या एका ताई सहा वर्षं ठेकेदारामार्फत काम करतायत. या काळात तीन ठेकेदार झाले. मशीन तेच, सुपरवायझर तोच, उभं राहायची जागाही तीच. आता चौथा ठेकेदार येतोय, आणि जुन्याने सगळ्या बायकांकडून राजीनामा आणि ‘हिशेब पूर्ण मिळाला’ अशा दोन कागदांवर सह्या मागितल्यात. पगारातून पीएफ कापला जातो, पासबुकात मात्र रक्कम कमी दिसते. ओव्हरटाइम रोख मिळतो, तोही साध्या दराने. सोबतच्या बाया घाबरल्यात. अशा वेळी काय करायचं?

ताई, बाकी सगळं नंतर. त्या कागदांवर अजून सही केली नसेल तर करू नका. केली असेल तरी हातपाय गाळू नका, त्याबद्दल पुढे सांगते.

मी आधी सहा वर्षं एका कारखान्याच्या टाईम ऑफिसला क्लार्क होते. हजेरीचं मस्टर, ओव्हरटाइमच्या स्लिपा, ठेकेदारांची बिलं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. त्यानंतरची बावीस वर्षं कामगारांचे अर्ज, दावे आणि बैठका यांतच गेली. त्यामुळे हा राजीनाम्याचा कागद कशासाठी निघतो ते मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. ठेका संपताना ठेकेदाराच्या डोक्यात एकच धास्ती असते, मागचं देणं अंगावर येण्याची. राजीनामा हातात आला की त्याला म्हणता येतं, बाई स्वखुशीने गेली. ‘हिशेब पूर्ण’वर सही आली की काही बाकीच राहिलं नाही. आणि नव्या ठेकेदाराच्या वहीत तुमचं नाव लागतं ते ‘नवीन भरती’ म्हणून. दोन सह्यांत सहा वर्षं पुसली जातात. जिला उद्या सकाळी त्याच टेबलावर उभं राहायचंय तिने राजीनामा कशाचा द्यायचा? हा प्रश्न त्यांना सरळ, शांतपणे विचारा. मी आजवर त्याचं धड उत्तर ऐकलेलं नाही.

फारच रेटा आला, ‘सही नाही तर उद्यापासून गेट बंद’ असं झालं, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘हा राजीनामा नाही. ठेकेदार बदलत असल्याची माहिती मिळाली. मागील सेवेचे व देण्यांचे सर्व हक्क राखून सही.’ खाली तारीख घाला आणि मोबाईलवर फोटो काढा. कोऱ्या कागदावर, किंवा तारखेची जागा रिकामी सोडलेल्या कागदावर मात्र काही झालं तरी सही नको. ‘घरी वाचून उद्या आणते’ एवढंच म्हणा. सही आधीच होऊन गेली असेल तर याच आठवड्यात ठेकेदाराला आणि कंपनीला, दोघांनाही पत्र टाका: अमुक तारखेला काम जाईल अशी भीती घालून सही घेतली, मला राजीनामा द्यायचा नव्हता, मी कामावर आहे. चार दिवसांत गेलेल्या पत्राला वजन असतं. सहा महिन्यांनी तेच लिहिलं तर समोरचा वकील म्हणतो, बाईंना आता सुचलं.

आता पीएफचं बघू. तुम्ही लिहिलंय ‘रक्कम कमी दिसते’, आणि त्या एका वाक्यात तुमच्या अर्ध्या प्रकरणाचं मूळ आहे.

काही वर्षांपूर्वी प्लॅस्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यातली एक बाई माझ्याकडे आली. पिशवीतून तिने कालनिर्णयची गुंडाळी काढली. मागच्या वर्षाचं आख्खं कालनिर्णय, खिळ्याच्या भोकासकट. प्रत्येक चौकटीत दुधाचा आकडा, आणि शेजारी बारीक खूण. कामावर गेली तर टिक, ओव्हरटाइम असेल तर गोल करून आत तास, सुट्टीला ‘सु’. तिला कोणी शिकवलं नव्हतं. पगाराच्या वेळी सुपरवायझर दिवस कमी सांगतो म्हणून तिने आपली आपण सुरुवात केली होती. आम्ही तिची पगाराची स्लिप, मोबाईलवरचं पीएफ पासबुक आणि ते कालनिर्णय शेजारी शेजारी ठेवलं. एका महिन्याच्या पानावर २६ टिका. रोज ४०० रुपयांप्रमाणे वेतन १०,४००, आणि स्लिपवर पीएफची कपात १,२४८, म्हणजे बरोबर १२ टक्के. पासबुकात मात्र त्या महिन्याचं वेतन ५,६०० आणि तिचा हिस्सा ६७२. उरलेले ५७६ रुपये तिच्याच घामाचे होते, ते ठेकेदाराच्या खिशात राहिले. मालकाचा हिस्साही तेवढाच कमी भरला.

हे कसं करतात ते नीट समजून घ्या. ठेकेदार दर महिन्याला पीएफचा जो ऑनलाइन भरणा करतो त्यात बिनपगारी दिवसांचा एक रकाना असतो. त्यात त्याने १२ टाकले होते. म्हणजे सरकारी नोंदीत बाई महिन्याला १४ दिवसच कामाला येत होती. आता वर्षाचा हिशेब करा. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ दिवस. सलग सेवा धरायला वर्षाला साधारण २४० दिवस भरावे लागतात. म्हणजे पीएफमधली ही चोरी महिन्याच्या ५७६ रुपयांवर थांबत नाही. उद्या ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, मागितली की हाच भरणा पुढे करून सांगतात, हिची एकाही वर्षी सलग सेवा नाही. कामगार नोकरीत असताना गेला तर पीएफसोबतच्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. तीसुद्धा नोंदवलेल्या वेतनावर ठरते, म्हणजे तिथेही काट बसते. महिन्याला पाच-सहाशेंसाठी कोण भांडत बसणार असं बायका म्हणतात तेव्हा मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते.

त्या बाईच्या प्रकरणात पीएफ कार्यालयात तक्रार दिली. चौकशीत कंपनीचं गेट रजिस्टर मागवायला लावलं. तिच्या टिका आणि गेटवरच्या नोंदी दिवसाला दिवस जुळल्या. चौदा महिने गेले, पण फरक व्याजासकट खात्यात आला, आणि तिच्याबरोबरच्या ज्या बायकांनी तक्रारीवर सही केली नव्हती त्यांचाही आला.

म्हणून याच रविवारी बसा. उमंग अॅपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर यूएएन, म्हणजे ठेकेदार बदलला तरी तोच राहणारा तुमचा पीएफ नंबर, टाकून सहाही वर्षांचं पासबुक उतरवून घ्या. तीन ठेकेदारांची तीन खाती एकाच यूएएनखाली दिसायला हवीत. एखाद्याने दुसराच यूएएन काढलेला असतो, तेही तपासा. मग प्रत्येक महिन्याची स्लिप शेजारी ठेवा. स्लिप देतच नसतील तर बँकेचं पासबुक ठेवा. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोध घेतला की ठेकेदाराने कुठल्या महिन्याचा भरणा कधी केला तेही दिसतं. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हायला हवा. पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये तसं स्पष्टीकरण दिलेलं आहे. दुसरी गोष्ट कंपनीतले साहेब लोक आवर्जून विसरतात: ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर मूळ कंपनीला तो भरावा लागतो आणि मग तिने ठेकेदाराकडून वसूल करायचा असतो. ‘तुम्ही आमचे कामगार नाही, ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर या बाबतीत चालत नाही. त्यामुळे तक्रार कधीही एकट्या ठेकेदाराविरुद्ध करू नका. कंपनीचं नावही घाला.

ईएसआयचं, म्हणजे आजारपण-बाळंतपणासाठीच्या सरकारी कामगार विम्याचं, थोडक्यात. वेतन २१,००० पर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के तिथे जायला हवेत. कार्ड आहे का, त्यावर घरच्यांची नावं आहेत का, एवढं पाहून घ्या. तुमच्यात कोणी गरोदर असेल तर तिची नोंद आधी तपासा. २६ आठवड्यांची पगारी रजा मिळायला आधीच्या काळातले ठरावीक दिवस भरलेले लागतात, आणि तिथेही हेच खोटे दिवस आड येतात.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो दुप्पट होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही दुप्पटच आहे. रोख देण्याचं कारण एवढंच, की कागद राहू नये. म्हणून कागद तुम्ही तयार करा. आजपासून तारीख, सुटायची वेळ आणि मिळालेले पैसे लिहून ठेवा. सुपरवायझर ‘आज थांबायचंय’ असा मेसेज व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकत असेल तर तो पुसू नका. वेतन संहितेत कामगाराच्या बाजूची एक तरतूद आहे: वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं असा दावा केला की ते दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. दाव्याला मुदत तीन वर्षांची. तुमची वही लाल कापडात बांधलेली असायची गरज नाही, पण ती रोजच्या रोज लिहिलेली असावी. एका बैठकीत, एका पेनाने लिहिलेली वही अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते.

ग्रॅच्युइटीवर जरा थांबते, कारण राजीनाम्याचा खटाटोप मुख्यतः तिच्यासाठीच चाललाय. हिशेब असा: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा १३,००० असतील, तर भागिले २६ म्हणजे रोजचे ५००. वर्षाला १५ दिवसांचे ७,५००. सहा वर्षांचे ४५,०००. तुमच्यासारख्या चाळीस बायका धरल्या तर १८ लाख होतात. ठेकेदार प्रत्येकीच्या सहीसाठी एवढा का धडपडतोय ते आता लक्षात आलं असेल.

त्याचं म्हणणं असेल, माझ्याकडे दोनच वर्षं झाली, ग्रॅच्युइटीला लागणारी पाच कुठे भरली? हाच तुमच्या प्रकरणातला वादाचा मुद्दा आहे, आणि तो सोपा आहे असं मी सांगणार नाही. इथे पाहायचं की ठेका खरा होता का नुसता कागदावरचा. २००१ मध्ये स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. पण ठेका हा नुसता पडदा आहे असं औद्योगिक न्यायालयात ठरलं तर तो कंपनीचाच कामगार धरला जातो. मग न्यायालय पाहतं, की काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, शिफ्ट कोण लावतं, कामावरून काढायचं कोण ठरवतं. म्हणून कंपनीच्या अधिकाऱ्याने सही केलेली रजेची चिठ्ठी, त्याने लावलेली शिफ्टची यादी, कंपनीने दिलेलं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, जुने गेटपास, यातला एकही कागद रद्दीत घालू नका. तीन ठेकेदार आले-गेले आणि सुपरवायझर एकच राहिला, हे तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात. तुमच्या बाजूचा तोच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

नेमणूकपत्र मिळालं असेल तर तेही वाचा. नव्या संहितेने ते देणं बंधनकारक केलंय. त्यात ‘ठरावीक मुदतीची नेमणूक’ असे शब्द असतील तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागत नाहीत, एका वर्षानंतर ती लागू होते. आणि कोणाला नावापुरतं ‘सुपरवायझर’ केलं असेल तर ती पाटी बघून मागे हटू नका. हातात खोका आणि टेप असेल तर ती बाई कामगारच आहे. हुद्दा काय लिहिलाय त्याआधी काम काय करते ते पाहिलं जातं.

आता भीतीबद्दल. ती खोटी नाही. एकटीने तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी ‘तुझी गरज नाही’ ऐकावं लागतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून एकटीने जाऊ नका, पण सगळ्यांची वाटही पाहत बसू नका. चाळीसजणी एकदम तयार होत नाहीत. तिघी-चौघी पुरतात, फक्त त्यांचे कागद चोख हवेत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सरकारकडे निवेदन दिलं ते हजारोंच्या सह्यांचं होतं. त्यातल्या मागण्या आजही ओळखीच्या वाटतात: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत. रविवारची सुट्टी हातात यायला १० जून १८९० उजाडला. सहा वर्षं ती माणसं मागणी लावून धरून होती. आज पगाराची तारीख ७ आहे, आणि नोकरी सुटली तर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत करायचा आहे. ‘फुल अँड फायनल दोन महिन्यांनी’ हे कुठल्याच कायद्यात बसत नाही.

बोलायचं कसं? आवाज चढवायची गरज नसते. सुपरवायझरशी भांडू नका, बऱ्याचदा त्याच्या हातात काही नसतं आणि उद्या तोच तुमचा साक्षीदार होऊ शकतो. आकडा सांगा आणि तारीख मागा. ‘साहेब, स्लिपला १,२४८ कापलेत, पासबुकला ६७२ दिसतायत. बाकीचे कधी भरणार, तारीख सांगा.’ ‘आमच्यावर अन्याय होतोय’ याला समोरच्याकडे दहा उत्तरं असतात. या वाक्याला फक्त तारीख सांगूनच उत्तर देता येतं. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी आणि स्त्रियाही हव्यात. समिती आहे का, ते लेखी विचारा. नसेल तर तसं लेखी उत्तर मिळणंसुद्धा उपयोगाचं असतं.

एक चूक मात्र करू नका, ती मी जवळून पाहिलीय. एका ठिकाणी बायकांनी ठरवलं, सगळ्या मिळून एका दिवशी रजा टाकू, म्हणजे कळेल यांना. मला आदल्या रात्री कळलं. मी थांबवायला हवं होतं, पण त्यांचा राग खरा होता आणि मी गप्प राहिले. कंपनीने त्याला बेकायदा संप ठरवलं आणि पुढचे सगळे दिवस पगाराचं बोलणं बाजूला राहून कामावर परत कसं घ्यायचं यावरच बोलणी झाली. आता तर कायद्यातच लिहिलंय, की निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तो संप धरला जातो, आणि संपाला आधी चौदा दिवसांची नोटीस लागते. अजूनही त्या बायकांपैकी कोणी रस्त्यात भेटली की मला ती रात्र आठवते.

गेटवर अडवलंच तर घरी बसू नका. ‘बाईच काम सोडून गेली’ हा ठेकेदाराचा ठरलेला बचाव आहे. नेहमीच्या वेळेला गेटवर जा, तिघी मिळून जा, वेळ लिहून ठेवा. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने कंपनीला आणि ठेकेदाराला कळवा: ‘आज सकाळी इतक्या वाजता कामावर हजर झाले, सुरक्षारक्षकाने आत सोडलं नाही, मी काम करायला तयार आहे.’ पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. मग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. तिथे समेटाची बैठक लागते, आणि ४५ दिवसांत काही झालं नाही तर कामावरून काढल्याचा वाद थेट न्यायालयात नेता येतो. वकिलाच्या फीचं मनावर घेऊ नका. स्त्रियांना, मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. पीएफ ऑफिसबाहेर ‘काम करून देतो, टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तीच गोष्ट आधी पैसे मागून नंतर कागद बघणाऱ्या पुढाऱ्याची. चांगली युनियन मिळाली तर जरूर जा, पण आपले मूळ कागद कोणाच्याही हवाली करू नका, झेरॉक्स द्या.

राहिला पहिला अर्ज. तो एका पानाच्या वर नको. कंपनीच्या व्यवस्थापकाच्या नावाने, प्रत ठेकेदाराला. लिहा: आम्ही खाली सह्या करणाऱ्या अमुक तारखेपासून आपल्या पॅकिंग विभागात सलग काम करत आहोत. ठेकेदार बदलत असल्याने आमच्याकडे राजीनामे मागितले जात आहेत. आम्ही राजीनामा दिलेला नाही व द्यायचा नाही. सोबत जोडलेल्या तक्त्याप्रमाणे पीएफचा भरणा कमी आहे, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळालेला नाही. नव्या ठेक्यात आमची मागील सेवा धरली जाईल असे लेखी कळवावे व फरकाची रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरली जाईल ते सांगावे. उत्तरासाठी पंधरा दिवस.

तक्ता महिन्यावार करा, चार रकाने पुरतात: कामाचे दिवस, स्लिपवरची कपात, पासबुकातला भरणा, फरक. दोन प्रती काढा. आवक कारकुनाकडून आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तो शिक्का द्यायला नाही म्हणाला तर वाद घालू नका, तसेच पोस्टात जा. आणि हे सगळं नव्या ठेकेदाराचा पहिला दिवस उजाडायच्या आत करा. त्या दिवसानंतर कंपनी म्हणेल, जुना ठेकेदार आता आमच्याकडे नाही, त्याचं बिल आम्ही चुकतं केलं. त्याचं शेवटचं बिल कंपनीकडे अडकलेलं असतानाच तुमचा अर्ज तिथल्या टेबलावर पोचलेला असायला हवा.